न जुळलेले दोन रिपोर्ट

वैजयंतीनं नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली होती. भाजी खारट झाली, एवढंच निमित्त. नवऱ्यानं तिचा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लोटलं. कडकन आवाज झाला तो लाकडाचा की हाडाचा, हे तिला आजही सांगता येत नाही. ती ओरडली नाही. डाव्या हातानं तिनं चुलीवरचं पातेलं उचललं, उकळती भाजी त्याच्या छातीवर ओतली आणि तो बोंबलत विहिरीकडे धावला तशी ती इंझोरीच्या वाटेला लागली.

इंझोरी तिचं माहेर. बाप दौलतराव, वीस एकरांचा मालक आणि बोलायला कडक. दारात लेकीला पाहून म्हणाला, "दोन दिवस राय. मंग मी नेऊन घालतो." वैजयंतीनं हात पुढं केला. सुजून काळीनिळी झालेली ती बोटं त्यानं बराच वेळ पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला मोटरसायकलवर मागं बसवून वाशीमला नेलं, हाडाच्या डॉक्टरला दाखवलं, आणि येताना लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म घेऊन आला. पुन्हा तिच्या सासरचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. आज वैजयंती शेहेचाळीस वर्षांची आहे. वाशीममधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती मायक्रोस्कोपसमोर बसते आणि बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडावरून घेतलेल्या पेशी पाहते. गावोगावच्या शिबिरांतून काचेच्या पट्ट्या येतात, ती त्यांना रंग देते, एकेक पट्टी भिंगाखाली सरकवते, संशय आला तिथं शाईचा ठिपका देते. शेवटची सही डॉक्टर संघदीप यांची.

त्या दोघांचं आणखी एक काम होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते दोन याद्या समोरासमोर मांडायचे. पेशींची तपासणी काय म्हणाली आणि नंतर त्याच बाईचा तुकडा काढून केलेली बायोप्सी काय म्हणाली. जुळलं की बरोबरची खूण. जुळलं नाही, तर दोन्ही काचा पुन्हा बाहेर. डॉक्टरांचा नियम होता, "आधी आपल्यावर संशय घ्यायचा, ताई. मग दुसऱ्यावर."

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन निघाल्यावर, केनवडला शिबिर झालं. तिथली आरोग्य खात्याची आशाताई, रूपा, मोठी खटपटी. घरोघर फिरून तिनं बायका गोळा केल्या होत्या. त्यांत संगीता होती. वय अडतीस, शेतावर राबून रापलेली, बोलायला कमी. नवरा शालिग्राम, चौदा एकर जमीन आणि एक ट्रॅक्टर. मुलगी निकिता अकोल्याला नर्सिंग शिकत होती. "पोरीनं फोनवर सांगतलं, आई तपासून घे, म्हून आली," एवढंच संगीता बोलली.

तिची काच एकशे चौदा नंबरची. तिसऱ्या दिवशी वैजयंतीनं ती भिंगाखाली घेतली आणि तिचा हात थांबला. नीट पसरलेल्या, पातळ, निळसर-केशरी पेशींच्या मधोमध दाटीनं उभा असलेला एक घोळका. केंद्रकं मोठी, काळीभोर, कडा वेड्यावाकड्या. पेशीत दुसऱ्या कशाला जागाच उरलेली नव्हती. अजून कॅन्सर नाही, पण त्याच्या दारात उभं असलेलं काहीतरी. डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली. रिपोर्ट गेला: पेशींत गंभीर बदल, बायोप्सी करावी.

नऊ दिवसांनी निकिता आईला घेऊन दवाखान्यात आली. संगीताचा जबडा डावीकडं सरकलेला होता. तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं, आणि ब्लाउजच्या बाहेर जेवढी कातडी दिसत होती तेवढ्यावर चार बोटं रुंदीचे वळ होते. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'पडून दुखापत'. सोबत आलेली रूपा वैजयंतीला ओढत जिन्याखाली घेऊन गेली.

"पडली नाही ते. त्यानं मारलं. माह्यासमोर मारलं, ताई."

"काहून?"

"तुमच्या रिपोर्टापायी."

रूपानं कागद संगीताच्या हातात दिला होता. शालिग्रामनं तो हिसकून घेतला, पुतण्याला वाचायला लावला. पुतण्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, काका, हा रोग संबंधातून होते. मग शालिग्रामनं मळणीयंत्राचा पट्टा काढला, बायकोला अंगणात ओढली आणि साऱ्या भावकीच्या देखत एकेक फटक्याला एकच सवाल विचारत गेला. नाव सांग त्याचं.

"नाव असन तं सांगन ना ते?" रूपाचा आवाज चिरकला. "मी मधात पडली तं मले लाथ घातली. कोनी उठलं नाही. आठनऊ फटके झाले आन् मंग तिनं नाव सांगतलं. वसंताचं."

"कोण वसंता?"

"शेजारच्या वावरातला. तीन वर्सं झाली त्याले साप चावून. मेलेल्या मानसाचं नाव सांगतलं तिनं, ताई, जित्याचा जीव जाऊ नाही म्हून."

पण शालिग्रामला तेवढंही पुरलं. त्यानं संगीताचं डोकं धरून हौदाच्या काठावर आपटलं, जबडा गेला तो तेव्हा. मग ट्रॅक्टर काढून तो वसंताच्या बांधावर गेला आणि मेलेल्या माणसाच्या समाधीचे दगड त्यानं टॉमीच्या लोखंडी दांड्यानं उखडून फेकले.

वैजयंती जिन्याच्या पायरीवर बसली. रिपोर्टातली ती ओळ तिच्या हातची होती.

जबड्याला तारा बसल्या. त्याच मुक्कामात निकितानं हट्ट धरून आईची बायोप्सीही करून घेतली. आठवड्यानं उत्तर आलं. फक्त सूज. कॅन्सर नाही, त्याच्या आधीचे बदलही नाहीत. तो रिपोर्ट शालिग्रामनं स्वतः खिडकीवर येऊन नेला आणि जाताना खिडकीतल्या मुलीला म्हणाला, "आता पाहा."

त्या शनिवारी एकशे चौदा नंबर जुळला नाही.

डॉक्टर संघदीप यांनी कपाट उघडलं. दोन्ही काचा त्यांनी ट्रेमध्ये ठेवल्या. वैजयंतीनं वहीतला नंबर पुन्हा वाचला. आपण चुकलो असू तर? सुजेनंही पेशी बिघडतात, केंद्रकं फुगतात, नवखा फसतो. ती काही नवखी नव्हती, पण दिवसाला ऐंशी काचा पाहणारा डोळा कधीतरी थकतोच. आपल्या थकलेल्या डोळ्यापायी एका बाईचा जबडा मोडला, एका मेलेल्या माणसाला शिवी लागली, हा विचार तिला सोसवेना. तिनं डॉक्टरांना सांगितलं, "माझं चुकलं असेल तर आजच लिहून टाकू, सर."

"बसा आधी," ते म्हणाले.

त्यांनी पेशींची काच पुन्हा टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मग नंबर, नाव, शिबिराची वही ताडून पाहिली. काच संगीताचीच होती. घोळके एक नाही, सहा होते. मग त्यांनी बायोप्सीची काच लावली आणि बराच वेळ तिच्यावर डोळा ठेवून बसले.

"या इकडं. काय दिसतं ते सांगा. काय नाही ते पण सांगा."

वैजयंतीनं पाहिलं. बाहेरच्या बाजूची जाड कातडी, खाली सूज. नीटनेटकं. मग तिच्या लक्षात आलं. गर्भपिशवीच्या तोंडाला बाहेरची कातडी आणि आतली नाजूक कातडी जिथं एकमेकींना मिळतात, तो काठ. रोग धरतो तो बहुतेक तिथंच. या तुकड्यात तो काठच नव्हता. आतल्या कातडीची एक पेशीसुद्धा नव्हती.

"तुकडा बाहेरूनच घेतलाय," ती म्हणाली.

"जबडा मोडलेली बाई, वेदनेनं नीट झोपताही येत नव्हतं. जेवढं हाताला लागलं तेवढं घेतलं गेलं. काठ आत सरकलेला असणार. तुकडा खरा आहे, ताई, पण तो चुकीच्या जागेचा आहे." त्यांनी चष्मा काढला. "आणि काठ नाही हे रिपोर्टात लिहायला हवं होतं. सही माझी आहे. ती चूक माझी."

त्यांनी तिथंच फोन लावला. पलीकडून शालिग्रामनं ऐकून घेतलं, दुसरा तुकडा घ्यावा लागेल हेही ऐकलं, आणि फोन ठेवला.

सोमवारी डॉक्टर दुसऱ्या गावच्या लॅबला गेले होते. सकाळी साडेअकराच्या सुमाराला शालिग्राम आणि त्याचा भाऊ लॅबमध्ये शिरले. शालिग्रामच्या हातात ट्रॅक्टरची टॉमी होती. वैजयंती उठायच्या आत त्यानं पहिला घाव मायक्रोस्कोपवर घातला. नळी तुटून भिंतीवर आदळली. दुसरा घाव काचेच्या कपाटावर, तिसरा रंगाच्या बाटल्यांवर. निळं आणि केशरी पाणी फरशीवर पसरलं, स्पिरिटच्या वासानं डोळे झोंबायला लागले.

"माह्या घराची बेइज्जती केली तुनं," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, त्यानंच ती जास्त घाबरली. "माह्या बायकोले रांड ठरोलं. आता दुसरा कागद म्हनते काहीच नाही. मंग पयला खोटा ना? लिहून दे. चूक झाली म्हून लिहून दे, सही कर, शिक्का मार."

भावानं तिची मान धरून टेबलावर दाबली. शालिग्रामनं कोरा कागद तिच्या नाकाखाली सरकवला, पेन तिच्या मुठीत कोंबलं आणि वरून मूठ आवळली. दोन वाकड्या बोटांतून कळ खांद्यापर्यंत गेली.

"सोडा. लिहिते," ती म्हणाली.

त्यानं मूठ सैल केली. वैजयंतीनं लिहिलं. दोन ओळी, सावकाश, वळणदार. सही केली, तारीख घातली. भावानं कागद उचलून वाचला. 'एकशे चौदा नंबरच्या काचेतले बदल खरे आहेत. दुसरी बायोप्सी तातडीने करावी.'

शालिग्रामनं टॉमी आडवी फिरवली. ती डाव्या कानावर बसली. एक लखलखीत शिट्टी वाजली आणि मग त्या बाजूचं जग बंद झालं. ती खाली पडली, तुटलेल्या काचा तळहातात शिरल्या. तो लाथा घालत होता, पोटात, बरगडीत, आणि तिला फक्त त्याच्या चपलेला लागलेला निळा रंग दिसत होता. दवाखान्यासमोर ऑटो लावणारा हेमसिंग आवाज ऐकून आत आला. धिप्पाड माणूस, त्यानं शालिग्रामला पाठीमागून कव घालून उचललं आणि दारावर आपटलं, दोनदा. भाऊ पळाला.

पोलीस आले, पंचनामा झाला. दोन भाऊ आत गेले आणि तिसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर आले. वैजयंतीचा डावा कान गेला तो कायमचा. मोडलेल्या तीन बरगड्यांना पट्टा बांधून ती आठव्या दिवशी कामावर आली, आणि अडगळीतून काढलेला जुना मायक्रोस्कोप पुसत बसली. एकशे चौदा नंबरची काच शाबूत होती. डॉक्टरांनी ती त्यांच्या कपाटात कुलपात ठेवली होती.

त्याच दुपारी संगीता आली. एकटी, केनवडहून एसटीनं. तारा बांधलेल्या जबड्यातून शब्द दातांच्या फटीतून गाळून येत होते. ती वैजयंतीच्या उजव्या बाजूला बसली.

"तुमचं लय वंगाळ झालं माह्यापायी."

"तुमच्यापायी नाही."

संगीता पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, लिहून द्या ना. चूक झाली म्हून. तुमचं काय जाते? तो कागद पाह्यला की तो गप बसन. रोज मारते मले. भाकरी टाकतानी मारते, पानी भरतानी मारते. निकिताले म्हनते, तू कोनाची व. मले घरात तं राहू द्या, बाप्पा."

वैजयंतीनं टेबलावरचं पॅड ओढलं. तिला वाटलं, लिहावं. दोन ओळींत या बाईचा मार थांबतो. कोण विचारणार आहे? रोगाला अजून वेळ आहे, वर्ष असेल, पाच वर्षं असतील. पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. पाच वर्षांनी हीच बाई याच दवाखान्यात येईल, अंगावरून कुजका वास येत असेल, आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही नसेल. अशा बायका तिनं पाहिल्या होत्या.

तिनं डॉक्टरांकडून किल्ली आणली, काच काढली, भिंगाखाली लावली.

"या. एक डोळा मिटा. दिसते का?"

"ठिपके दिसून राह्यले."

"मोकळे मोकळे आहेत ते चांगले. आता मधात पाहा. काळे, दाटीनं बसलेले."

संगीता श्वास रोखून पाहत होती. "हे माहं हाय?"

"तुमचंच आहे. चूक असती तर मी त्या दिवशीच लिहून दिलं असतं, कान वाचला असता माझा. हे आज कॅन्सर नाही. पण असंच ठेवलं तर होईल. आज काढलं तर सुटाल."

"आन् हे झालं कशानं? मी तं कोनाजवळ गेली नाही, देवाशपथ."

"एका विषाणूनं होतं. बहुतेक बायकांना तो कधी ना कधी लागतोच. लग्नाच्या पहिल्या वर्षी लागला असेल, वीस वर्षं गप बसला असेल. एकाच नवऱ्याजवळ जन्म काढलेल्या बाईलाही होतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कोणतंच मशीन सांगत नाही."

"मले मशीन नाही पायजे," संगीता म्हणाली. "मी कुठी गेली नाही हे मले माहीत हाय." मग तिच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ती हसत होती. तारांमुळं तोंड उघडत नव्हतं आणि हसू नाकातून फुसफुसत बाहेर येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मंग त्यानंच आनला असन ना, ताई? आन् मले इचारून राह्यला, नाव सांग."

 संगीतानं नाक पुसलं आणि विचारलं, "कवा येऊ?"

गुरुवार ठरला. गुरुवारी संगीता आली नाही. फोन बंद. दहा वाजता रूपाचा फोन आला, "ताई, तिनं त्याच्या तोंडावर सांगतलं, हे तूच आनलं म्हून. कालपासून गुराच्या कोठ्यात कोंडली हाय. आवाज येऊन नाही राह्यला."

वैजयंतीनं ठाण्यात फोन केला. गाडी बाहेर गेलीय, आली की पाठवतो, असं उत्तर मिळालं. तिनं बरगड्यांवरचा पट्टा घट्ट केला, हेमसिंगला हाक मारली आणि ऑटोत बसली. डॉक्टर मागून धावत आले, म्हणाले, "ताई, थांबा, पोलिसांना येऊ द्या." तिनं डावा कान त्यांच्याकडं केलेला होता. तिला ते ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

केनवडला शालिग्रामचं घर गावाच्या कडेला. अंगणात तुरीच्या काड्यांचा ढीग, पलीकडं गुरांचा कोठा, दाराला बाहेरून कडी आणि कडीत लोखंडी खिळा. अंगणात कुणी नव्हतं. रूपा कुंपणापाशी उभी होती, ती कोठ्याकडे धावली. खिळा निघेना. वैजयंतीनं हाक मारली, "संगीता!" आतून काहीतरी सरपटल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिच्या केसांना हिसका बसला. शालिग्राम घरामागून आला होता आणि तो डावीकडून आल्यामुळं तिला चाहूल लागली नाही. त्यानं तिला केसांनी मागं ओढलं, तुरीच्या काड्यांवर पाडलं. हातात तोच पट्टा होता. पहिला फटका मानेवर बसला, दुसरा तोंडावर. नाकातून रक्ताची धार लागली. हेमसिंग ऑटोतून उतरून धावला, तर शालिग्रामच्या भावानं त्याच्या गुडघ्यावर काठी घातली आणि तो कोसळला. भिंतींवरून माणसं डोकावायला लागली होती, कुणी आत येत नव्हतं.

"माह्या घरी येते? माह्या?" शालिग्राम प्रत्येक शब्दाला फटका मारत होता. वैजयंतीनं एक काडी पकडून त्याच्या डोळ्यात खुपसायला पाहिली, ती गालाला लागली. त्यानं तिच्या बरगड्यांवर गुडघा रोवला आणि पट्ट्याचा फास तिच्या गळ्याभोवती आवळला. तिला वरचं आभाळ आधी पांढरं आणि मग लाल दिसायला लागलं.

खिळा निघाल्याचं तिला कळलं नाही. तिला फक्त शालिग्रामच्या मागं एक सावली दिसली. संगीताचा एक डोळा सुजून बंद होता, लुगड्याला शेण लागलं होतं आणि हातात गवत कापायचा इळा होता.  तिनं दोन्ही हातांनी इळा उचलला आणि नवऱ्याच्या उजव्या खांद्यात घातला. पातं हाडापर्यंत गेलं आणि अडकलं. तिनं पाय त्याच्या पाठीला लावून ते उपसलं. रक्ताची चिळकांडी वैजयंतीच्या कपाळावर उडाली. शालिग्राम ओरडत कुशीवर पडला, तिनं पुन्हा इळा उगारला.

"संगीता!" रूपा किंचाळली. "निकिता हाय व तुले!"

इळा हवेत थांबला. साऱ्या अंगणात फक्त शालिग्रामचं विव्हळणं. त्याच्या भावानं काठी टाकली होती आणि तो हात वर करून मागं सरकत होता. संगीतानं इळा हौदात फेकला. मग ती वाकली, वैजयंतीच्या गळ्यातून पट्टा सोडवला आणि तिला बसती केली.

"चाला," ती म्हणाली. "तुकडा काढाचा हाय ना?"

शालिग्रामला गावच्या जीपनं नेलं. पोलिसांची गाडी फाट्यावर भेटली. संगीतानं स्वतः गाडी थांबवून सांगितलं, मी मारलं, मले धरा, पण आधी दवाखान्यात न्या. ठाण्यातल्या बाई पोलिसानं तिच्या तोंडाकडं, वैजयंतीच्या गळ्यावरच्या खुणेकडं पाहिलं आणि गाडी वाशीमकडं वळवायला सांगितली. त्या दिवशी दुसरी बायोप्सी झाली ती बाई पोलीस पडद्याबाहेर बसलेली असताना. या खेपेला काठ दिसेपर्यंत आत जाऊन तीन ठिकाणचे तुकडे घेतले आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीतलं खरवडूनही घेतलं.

उत्तर वैजयंतीनं डॉक्टरांसोबत वाचलं. तीनपैकी दोन तुकड्यांत कॅन्सरच्या अगदी आधीचे बदल, कातडीच्या पूर्ण जाडीत. तिसऱ्यात एका जागी त्या पेशींनी कातडीची हद्द ओलांडून खाली पाऊल टाकलेलं होतं, मिलिमीटरभर, म्हणजे कॅन्सरची सुरुवात. डॉक्टरांनी वहीतल्या एकशे चौदा नंबरापुढं बरोबरची खूण केली नाही. त्यांनी तिथं सविस्तर लिहिलं, पहिला तुकडा कुठून घेतला गेला, रिपोर्टात काय लिहायचं राहिलं, कुणाकडून राहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं.

संगीताला सहा दिवसांनी जामीन मिळाला. निकितानं तिला नागपूरला नेलं, तिथं गर्भपिशवी काढली. आसपासच्या लसिका ग्रंथींमध्ये काही पसरलेलं नव्हतं. शालिग्राम वाचला, पण त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. दोन्ही बाजूंनी खटले आहेत, वाशीमच्या कोर्टात तारखा पडतात.

यंदाच्या उन्हाळ्यात वैजयंतीची साक्ष झाली. शालिग्रामचा वकील तिच्या डावीकडं उभा राहून बोलत होता. तिनं दोनदा सांगितलं, इकडून बोला. तो चिडत उजवीकडं आला.

"एका रिपोर्टात रोग आहे, दुसऱ्यात नाही. म्हणजे दोन्हींपैकी एक खोटा. बरोबर?"

"नाही, साहेब."

"मग दोन्ही खरे? हे कसं काय?"

"पहिल्यात पूर्ण तोंडावरून पुसून घेतलेल्या पेशी होत्या. दुसऱ्यात एका जागेचा तुकडा होता आणि त्या जागी रोग नव्हता. गावात आग लागलीय का हे एका घरात डोकावून सांगता येत नाही. म्हणून दोन्ही मिळवून पाहायचे असतात."

"पण तुमच्या पहिल्या रिपोर्टामुळंच हा सगळा रक्तपात झाला, हे तरी मान्य?"

 न्यायाधीशांनी मान वर केली. "रिपोर्टानं कुणाला पट्ट्यानं मारलं नाही, साहेब," ती म्हणाली. "पण कागद कसा पोचवायचा हे आम्हाला कळलं नाही, हे खरं आहे. आता आम्ही असा रिपोर्ट घरी पाठवत नाही. बाईला बोलावून, दार लावून, तिलाच सांगतो."

बाहेर आल्यावर ती आणि तारखेला आलेली संगीता कोर्टासमोरच्या टपरीवर बसल्या. संगीता आता अकोल्यात निकिताजवळ राहते, एका वसतिगृहात पोळ्या लाटते. जबडा थोडा वाकडा बसला आहे, बिस्किट ती एकाच बाजूनं चावते. केनवडला यंदा पुन्हा शिबिर झालं, रूपा दारोदार फिरली, सातच बायका आल्या. त्यांच्यापैकी चौघींनी नाव खोटं सांगितलं.

"एक सांगू का, ताई?" संगीता म्हणाली. "लोकं इचारतात, पश्चाताप होते का. नाही होत. इळा त्याच्या खांद्यात गेला ना, तवा मले लय बरं वाटलं. असं बरं उभ्या जलमात वाटलं नव्हतं. आन् रूपा आरडली नसती तं मी थांबलीच नसती." तिनं कप खाली ठेवला. "ह्याचंच भेव वाटते मले. त्या रोगाचं वाटलं नाही तेवढं."

वैजयंतीनं चहाचे पैसे दिले. समोरच्या रस्त्यावर अकोल्याची एसटी वळण घेत होती, संगीतानं पिशवी उचलली आणि हात करून ती थांबवली.